लाजेने दिलेली वर्गणी



नमाज, रोजा, जकात, विवाह आणि वारसा यांविषयीचे प्रश्न इमामाकडे नेहमीच येत असतात. अलीकडे मात्र जुम्याच्या नमाजनंतर नोकरदार तरुण थांबतात आणि निराळ्याच प्रकारचे प्रश्न विचारतात. कार्यालयात कोणी निवृत्त होते, कोणाची बदली होते. शाल, भेटवस्तू आणि जेवण यांसाठी प्रत्येकी पाचशे रुपये ठरतात. मला ते परवडत नाहीत, पण नाही म्हणण्याची सोय नाही. मग हे पैसे भेट समजावेत की दंड? हॉटेलात वेटरला टीप दिली नाही तर त्याचा हक्क बुडवला असे होते काय? मुलगा झाला तेव्हा रुग्णालयातील आयांनी ‘खुशी’ मागितली आणि मी दिली, ती लाच होती काय?

हे प्रश्न वरवर किरकोळ वाटतात. परंतु आपले दिवस अशाच किरकोळ देण्याघेण्याने भरलेले असतात. कणभर भलाई आणि कणभर बुराईही डोळ्यांसमोर आणली जाईल, हे सूरह अज्-जिल्जालने ज्यांना शिकवले आहे, त्यांनी पाचशे रुपयांच्या वर्गणीला क्षुद्र म्हणून सोडून देणे योग्य नाही. शिवाय या सर्व प्रश्नांच्या मुळाशी एकच गंभीर प्रश्न आहे: ज्या देण्यात मन नाही, ते देणे कोणत्या मोलाचे? आणि दुसऱ्याचे मन नसताना त्याच्याकडून काढलेला पैसा आपल्याला पचतो काय?

मनाची खुशी ही अट

पवित्र कुरआनने सूरह अन्-निसाच्या २९व्या आयतीत ईमानवंतांना एकमेकांची संपत्ती अन्याय्य मार्गाने खाण्यास मनाई केली आहे आणि परस्परांच्या राजीखुशीचा व्यवहार तेवढा अपवाद ठेवला आहे. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण मुसनद अहमदमध्ये आली आहे. तिचा आशय असा की, मुस्लिम व्यक्तीची संपत्ती तिच्या मनाच्या खुशीवाचून कोणालाही हलाल होत नाही. येथे अरबीतील शब्द ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रेषितांनी ‘परवानगी’ असे म्हटले नाही. ‘तीबु नफ्स’, म्हणजे मनाची प्रसन्नता, असे म्हटले आहे. परवानगी ओठांवरची असू शकते. प्रसन्नता अंतःकरणातच असावी लागते.

याच आधारावर आपल्या फकीहांनी एक मार्मिक सूत्र मांडले. कोकणातील बहुतांश मुस्लिम कुटुंबे ज्या शाफई मजहबचे अनुसरण करतात, त्याच्या ग्रंथांतही ते आढळते. लाजेच्या तलवारीने घेतलेले धन हरामच्या कोटीत जाते, असा त्या सूत्राचा भाव आहे. इमाम गझाली (रह.) यांचा मृत्यू इ.स. ११११ मध्ये झाला. ‘इह्या उलूमिद्दीन’ हा त्यांचा विख्यात ग्रंथ. भर सभेत मागणी झाली आणि लोक काय म्हणतील या भयाने एखाद्याने पैसे काढून दिले, तर ते बळजबरीने घेतल्यासारखेच आहे, असे ते समजावतात. त्यांच्या दृष्टीने देहावर लाकडाचा फटका मारणे आणि अंतःकरणावर लाजेचा फटका मारणे यांत फारसा फरक उरत नाही.

नऊशे वर्षांपूर्वी सांगितलेली ही गोष्ट आजच्या कार्यालयात कशी दिसते ते पाहा. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर यादी पडते. वर सत्कारमूर्तीचे नाव, खाली सर्वांची नावे, आणि ज्यांनी पैसे पाठवले त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण. दुसऱ्या दिवशी यादी पुन्हा पडते. आता खुणा वाढलेल्या असतात. तिसऱ्या दिवशी खूण नसलेली तीनच नावे उरतात. त्या तिघांना कोणी एक शब्द बोललेला नसतो, तरीही सर्व काही बोलून झालेले असते. ती यादी म्हणजेच गझालींनी सांगितलेला फटका. मारणाऱ्याचा हात मात्र दिसत नाही.

त्या तिघांत एखादा कंत्राटी कर्मचारी असू शकतो. त्याचे वेतन दोन महिने थकलेले असू शकते. तो हे कोणाला सांगणार नाही. सूरह अल्-बकराच्या २७३व्या आयतीत अशा स्वाभिमानी गरजवंतांचे वर्णन आले आहे. ते मागत नाहीत, म्हणून अजाण माणूस त्यांना संपन्न समजतो. यादी करणारा हा अनेकदा दुष्ट नसतो, अजाण असतो. परंतु कुरआनने ज्या अजाणतेकडे बोट दाखवले, तिच्यात राहणे ईमानवंताला शोभत नाही.

सरकारी नोकरीत असलेल्या वाचकांना हेही माहीत असावे की, या बाबतीत देशाचा कायदा मौन बाळगून नाही. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम १४ खाजगी व अनौपचारिक स्वरूपाच्या निरोप समारंभास मुभा देतो. त्याच नियमाखालील टीप मात्र सांगते की, समारंभासाठी वर्गणी द्यावी म्हणून कोणत्याही कर्मचाऱ्यावर दबाव वा प्रभाव आणता येणार नाही. तसेच गट ‘क’ आणि ‘ड’ मधील कर्मचाऱ्यांकडून त्याहून वरच्या गटातील कर्मचाऱ्याच्या सत्कारासाठी कोणत्याही परिस्थितीत वर्गणी गोळा करता येणार नाही. साहेबांच्या निरोपासाठी शिपायाकडून पैसे मागणे हा नुसता वाईट शिष्टाचार नाही, तो केंद्र शासनाच्या सेवेत नियमभंग आहे. शरीअतने अंतःकरणाच्या अंगाने जे सांगितले, ते येथे नियमावलीने पदाच्या अंगाने सांगितले आहे. वरिष्ठाचे नाव पुढे केले की कनिष्ठाची राजीखुशी मोकळी राहत नाही, हे दोघांनीही ओळखले आहे.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

येथे विचारी वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो घेतलाच पाहिजे. तो म्हणेल, मौलाना, मन प्रसन्न असेल तेव्हाच द्यायचे ठरवले, तर कंजूष माणूस जन्मात कधी देणार नाही. मनुष्याचे मन स्वभावतःच धनाला चिकटलेले आहे. रीतीरिवाजाचा, चारचौघांचा थोडा रेटा असतो म्हणून तर समाजात देणेघेणे टिकते. तो रेटा काढून घेतला, तर निवृत्तीच्या दिवशी सत्कारमूर्तीच्या हाती रिकामा लिफाफा पडेल.

हा आक्षेप पोकळ नाही. कुरआननेच मान्य केले आहे की, दान मनाविरुद्ध जाते. सूरह अल्-बकराच्या १७७व्या आयतीत नेकीचे वर्णन करताना, धनाचे प्रेम असूनही ते देणारा, असा उल्लेख आहे. म्हणजे देताना मनात थोडी ओढाताण झाली म्हणून ते देणे निष्फळ ठरत नाही. उलट त्या ओढाताणीतच त्याची किंमत आहे.

मग दोन्ही गोष्टी एकत्र कशा बसतात? माझ्या मते भेद असा आहे. दोन वेगळ्या व्यक्तींना दोन वेगळी कर्तव्ये सांगितली आहेत. देणाऱ्याला सांगितले आहे की, तू स्वतःच्या मनाला रेटा दे. घेणाऱ्याला आणि गोळा करणाऱ्याला सांगितले आहे की, तू दुसऱ्याच्या मनाला रेटा देऊ नकोस. पहिला रेटा ही इबादत आहे, दुसरा ही जबरदस्ती आहे. आपली चूक अशी होते की, आपण ही कर्तव्ये उलटी वाटून घेतो. देताना आपण प्रसन्नतेची वाट पाहतो आणि घेताना दुसऱ्याच्या औदार्याचा उपदेश करतो.

स्वतःच्या मनाची परीक्षा घ्यायची असेल तर एक प्रश्न पुरेसा आहे. यादीत नावे नसती, मी दिले की नाही हे कोणालाही कधीच कळणार नसते, तर मी किती दिले असते? जी रक्कम उत्तरादाखल मनात येते, ती आपली खरी भेट होय. तिच्या वर जे दिले, ते लोकांच्या नजरेला भरलेले शुल्क आहे. उत्तर शून्य येत असेल तर आधी त्याचे कारण तपासावे. हात खरोखर रिकामा असेल, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. हात भरलेला असून मन रिकामे असेल, तर तो आजार आहे आणि त्याचा इलाज देण्याच्या सवयीनेच होतो.

एका चादरीवर जमवलेले अन्न

सामूहिक वर्गणी ही मुळात निषिद्ध गोष्ट नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. इमाम बुखारी (रह.) यांच्या ‘सहीह’मध्ये भागीदारीचे प्रकरण ‘निहद’च्या उल्लेखाने सुरू होते. प्रवासातील सोबत्यांनी आपापली शिदोरी वा खर्च एकत्र करणे म्हणजे निहद. त्यात कोणी थोडे खाईल, कोणी अधिक खाईल. मुस्लिमांनी त्यात काही गैर मानले नाही, असे इमाम बुखारी तेथे नोंदवतात. मित्रांनी मिळून खर्च करताना प्रत्येक घासाचा हिशेब मांडण्याची गरज नाही, हे त्यातून कळते.

त्याच ठिकाणी अश्अरी कबिल्याची हदीस आहे. मोहिमेत त्यांची शिदोरी संपत आली किंवा मदीनेत त्यांच्या मुलाबाळांचे अन्न कमी पडू लागले की, ते आपल्याजवळचे सारे अन्न एका कपड्यावर एकत्र करीत आणि एकाच मापाने सर्वांना समान वाटीत. ते माझे आहेत आणि मी त्यांचा आहे, अशा आशयाचे उद्गार प्रेषितांनी (स.) त्यांच्याविषयी काढले. यापेक्षा मोठी प्रशंसा कोणत्या वर्गणीच्या वाट्याला आली असेल?

परंतु या वर्गणीची रीत लक्षपूर्वक पाहा. तेथे प्रत्येकाने समान आणले नव्हते. ज्याच्याजवळ जे होते ते त्याने आणले आणि घेताना सर्वांनी समान घेतले. आपल्याकडे याच्या नेमके उलट घडते. सर्वांकडून समान घेतले जाते, मग एकाचे वेतन लाखाचे असो आणि दुसऱ्याचे बारा हजारांचे, आणि मान मात्र पदाप्रमाणे वाटला जातो. समान वर्गणी वरकरणी न्याय्य दिसते. एकासाठी ती चहाचा खर्च असते आणि दुसऱ्यासाठी आठवड्याचा बाजार असतो, हे लक्षात आले की तिच्यातील न्याय विरून जातो.

मित्रांच्या टोळीतही हाच विवेक हवा. तरुण मंडळी ‘टीटीएमएम’ म्हणतात, म्हणजे तुझे तू, माझे मी. ही रीत कोरडी वाटली तरी तिच्यात स्वच्छता आहे. कोणावर कोणाचे ओझे राहत नाही. दुसरी रीत, बिल समान वाटून घेण्याची. तीही चालते, पण एकाने फक्त चहा घेतला असताना त्याच्यावर बिर्याणीचा हिस्सा टाकला जात असेल, तर त्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहावे. तिसरी रीत, एकाने सर्वांचे भरण्याची. हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी हिजरत करून आलेल्या हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यापुढे आपली निम्मी संपत्ती ठेवली. त्यांनी सअद यांना बरकतीची दुआ दिली आणि बाजाराची वाट विचारली. देणाऱ्याचे औदार्य आणि घेणाऱ्याचा स्वाभिमान, दोन्ही त्या एका प्रसंगात शिगेला पोहोचलेले आहेत. आपल्या मैत्रीत यांपैकी एक जरी नसेल, तर दर वेळी बिल भरणारा मित्र हळूहळू मालक होतो आणि दर वेळी खाणारा मित्र आश्रित होतो.

काही वाचक विचारतात की, सहकारी मुस्लिमेतर असेल तर त्याच्या निरोपात सहभागी व्हावे काय. यात संकोचाचे कारण नाही. सूरह अल्-मुम्तहिनाच्या ८व्या आयतीने, जे तुमच्याशी धर्मावरून लढले नाहीत त्यांच्याशी भलाईने आणि न्यायाने वागण्यास मोकळीक दिली आहे. हजरत उमर (रजि.) यांनी आपल्याला मिळालेले वस्त्र मक्केतील आपल्या मुस्लिमेतर भावाला भेट पाठवल्याची नोंद बुखारीत आहे. समारंभात पूजाविधीचा भाग असेल, तर तेवढ्यापुरते सौजन्याने बाजूला राहावे आणि संयोजकांना ते आधीच सांगावे. आपल्या महाराष्ट्रातील सहकारी ही गोष्ट समजून घेतात, असाच सर्वसाधारण अनुभव आहे.

टीप, पोस्त, खुशी आणि चहापाणी

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. मोबदल्यापेक्षा थोडे वर देण्याला मराठीत किती नावे आहेत पाहा. हॉटेलात टीप, दिवाळीला पोस्त, बाळंतपणाला खुशी, हमालाला वा वाहनचालकाला बक्षिशी आणि सरकारी टेबलावर चहापाणी. नावे अशी शेजारी शेजारी ठेवली की, एक पुण्याकडे जाते आणि दुसरे पापाकडे, हे पटकन लक्षातही येत नाही.

ठरलेल्या मोलापेक्षा अधिक देणे ही प्रेषितांची सुन्नत आहे. हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून प्रेषितांनी (स.) प्रवासात एक उंट विकत घेतला. मदीनेला पोहोचल्यावर हजरत बिलाल (रजि.) यांना किंमत तोलून देण्यास आणि वर थोडे अधिक देण्यास सांगितले, पुढे उंटही जाबिर यांनाच परत दिला. वर मिळालेली ती चांदी जाबिर यांनी दीर्घकाळ जपून ठेवली होती. तिचे वजन अल्प होते. ती जपण्यासारखी झाली ती देणाऱ्याच्या प्रेमामुळे.

तसेच, सेवकाने जेवण आणून ठेवले तर त्याला सोबत बसवावे, तेवढे जमत नसेल तर निदान एक-दोन घास त्याला द्यावेत, कारण त्याने त्या अन्नाची आच आणि दगदग सोसली आहे, अशी प्रेषितांची शिकवण बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. हॉटेलातील वेटर, घरपोच जेवण आणणारा मुलगा, चौथ्या मजल्यावर गॅसचा सिलिंडर चढवणारा माणूस, हे सारे या हदीसच्या छायेत येतात. आच त्यांनी सोसली, घास आपण घेतला.

मात्र येथेही मनाच्या खुशीची अट लागू आहे. वस्तूची वा सेवेची ठरलेली किंमत देणे हा करार आहे, तो न पाळणे हा गुन्हा. वर देणे हे एहसान आहे. ते न दिल्याबद्दल कोणी दोषी ठरत नाही आणि ते हक्काने मागताही येत नाही. आपल्या देशात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलांनी बिलात सेवाशुल्क आपोआप जोडू नये. ते देणे न देणे ग्राहकाच्या इच्छेवर असावे. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना कायम ठेवल्या. जे एहसान आहे त्याला कराराचा वेश चढवू नये, हेच तत्त्व त्यात आहे.

याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, ही हदीस आपल्याला पाठ असते. टीप मिळते म्हणून वेतन कमी ठेवणारा मालक मजुरी देण्याची आपली जबाबदारी ग्राहकाच्या मर्जीवर ढकलतो. असा कामगार मग पोटासाठी हसतो, पोटासाठी वाकतो. आपल्या वाचकांत हॉटेलांचे, बेकऱ्यांचे, गॅरेजांचे मालक आहेत. त्यांनी आपल्या वेतनाच्या वहीत डोकावून पाहावे: टीप आणि बक्षिशी बाजूला ठेवली, तर आपला माणूस आपल्याच वेतनावर घर चालवू शकतो काय?

आणि चहापाणी? इब्नुल लुत्बिय्या यांना प्रेषितांनी (स.) जकात गोळा करण्यास पाठवले होते. परतल्यावर ते म्हणाले की, हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले. तेव्हा प्रेषितांनी मिंबरवरून विचारले की, हा आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता, तर त्याला ही भेट आली असती काय? भेट आणि लाच यांतील सीमारेषा दाखवणारा इतका नेमका प्रश्न दुसरा नाही. ज्याच्या सहीवर आपले काम अडले आहे, त्याला दिलेले पाकीट त्याला मिळत नाही, त्याच्या खुर्चीला मिळते. उद्या खुर्ची बदलली की पाकीटही नव्या खुर्चीकडे जाईल.

या कसोटीवर बाळंतपणाची खुशीही तपासता येते. आई सुखरूप घरी निघाली, सेवा झालेली आहे, कोणाचे काही अडलेले नाही, अशा वेळी ज्या आयाने रात्र जागून काढली तिच्या हाती आपण आपल्या आनंदाने काही ठेवले, तर ती खरोखरच खुशी होय. परंतु बाळ दाखवण्यापूर्वी मागितली गेली, किंवा दिली नाही तर रुग्णाची चादर बदलली जाणार नाही अशी धास्ती असली, तर तो शब्द खोटा पडतो. दबलेल्या मनाने ज्याने दिले, त्याच्यापेक्षा अडवून ज्याने घेतले त्याचा दोष मोठा आहे. रांगेत पुढे जाण्यासाठी आपण स्वतःच पुढे केलेली नोट मात्र तिसऱ्याच कोणाचा तरी हक्क हिरावते. ज्याच्याकडे ती नोट नव्हती, तो आपल्यामुळे मागे राहिला.

आपल्या अंगणात

येथवर आपण कार्यालयाला आणि हॉटेलाला बोललो. पण हेच बोल आपल्या मशिदीलाही लागू होतात, आणि मिंबरवर बसणाऱ्याने ते आधी स्वतःच्या अंगणात बोलले पाहिजेत. ध्वनिक्षेपकावरून नाव आणि रक्कम पुकारत चंदा गोळा करणे, ‘अमुक साहेबांनी पाच हजार दिले, आता तमुक साहेब किती देतात’ असे म्हणत एखाद्याकडे सगळ्या सफांची नजर वळवणे, ही त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या यादीचीच जुनी आवृत्ती आहे. उद्देश अल्लाहचे घर बांधण्याचा आहे म्हणून फटका लागत नाही असे होत नाही.

तसेच, इमाम आणि मुअज्जिन यांचे वेतन इतके तुटपुंजे ठेवायचे की, रमजानचा हदिया, निकाहचे मानधन आणि घरोघरच्या दावती यांवर त्यांनी वर्ष काढावे, ही व्यवस्था टीपवर कामगार राबवणाऱ्या हॉटेलमालकाच्या व्यवस्थेहून वेगळी कशी? ज्याचे घर मुक्तदींच्या मर्जीवर चालते, त्याला मुक्तदींना कडू सत्य सांगणे जड जाते. विश्वस्त मंडळींनी यावर विचार करावा. प्रथम हक्काचे वेतन द्यावे. मग प्रेमाचा हदिया द्यावा, तोही बंद लिफाफ्यात.

निरोप कोणाला?

आणखी एक प्रश्न कोणी विचारत नाही, पण तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निरोप समारंभ कोणाचे होतात? मुख्याध्यापकांचा सेवापूर्ती सोहळा होतो, मंडप पडतो, स्मरणिका निघते. त्याच शाळेत तीस वर्षे घंटा देणारी, वर्ग झाडणारी व्यक्ती एका दुपारी किल्ल्या जमा करते आणि फाटकाबाहेर पडते. कंत्राट संपलेल्या सफाई कामगाराचा तर शेवटचा दिवस कोणता, हेही कोणाला ठाऊक नसते.

मदीनेच्या मशिदीत एक कृष्णवर्णीय व्यक्ती झाडलोट करीत असे. काही कथनांत ती स्त्री असल्याचे म्हटले आहे. तिचा मृत्यू झाला. सहाबांना प्रेषितांना (स.) त्रास देणे योग्य वाटले नाही आणि त्यांनी न कळवताच तिचे दफन केले. ती दिसत नाही हे प्रेषितांच्या ध्यानात आले. त्यांनी चौकशी केली, आपल्याला का कळवले नाही असे विचारले, तिच्या कबरीपाशी गेले आणि तिच्यासाठी नमाज अदा केली. ही घटना बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. कथन करणारा म्हणतो की, जणू लोकांनी तिचे प्रकरण लहान समजले होते.

‘लहान समजले होते’ या शब्दांपाशी आपण थोडे थांबावे. सहाबांचा हेतू चांगला होता. तरीही कोणाचा निरोप महत्त्वाचा आणि कोणाचा नाही हे त्यांनी नकळत ठरवून टाकले होते, आणि प्रेषितांनी ते मान्य केले नाही. त्यांनी त्या व्यक्तीची गैरहजेरी पाहिली. एखाद्याची उपस्थिती सर्वांनाच दिसते. गैरहजेरी दिसण्यासाठी प्रेम लागते.

मग काय करावे?

निरोपाची व्यवस्था आपल्याकडे असेल, तर एक बंद पाकीट वा पेटी फिरवावी. रक्कम ठरवू नये, यादी करू नये, कोणी किती टाकले हे कोणालाही कळू देऊ नये. जमेल तेवढ्यात भेट घ्यावी आणि शुभेच्छापत्रावर सर्वांनी सह्या कराव्यात, ज्यांनी काही दिले नाही त्यांनीही. जेवणात सर्वांना बोलवावे. वरिष्ठाच्या सत्कारासाठी कनिष्ठाकडे हात पसरू नये आणि कनिष्ठाच्या निरोपासाठी वरिष्ठाने आपला हात आखडू नये.

आपल्याकडे मागणी आली आणि परवडत नसेल, तर शांतपणे एवढेच म्हणावे, “या वेळी मला जमणार नाही, पण मी भेटायला नक्की येईन.” खोटे कारण सांगू नये आणि कर्ज काढून देऊ नये. प्रेषितांनी (स.) बकरीच्या खुराएवढीही भेट शेजारणीने तुच्छ मानू नये असे सांगितले आहे, म्हणून हाताने लिहिलेल्या चार ओळी हीसुद्धा भेटच आहे. टीप देताना ती टेबलावर फेकून उठू नये. नजरेला नजर देऊन, आभार मानून हाती द्यावी. सूरह अल्-बकराच्या २६३व्या आयतीनुसार, ज्या दानापाठोपाठ दुःख दिले जाते त्यापेक्षा गोड शब्द आणि क्षमा अधिक चांगली आहे. खिशात काही नसेल, तर गोड शब्द तरी प्रत्येकापाशी असतोच. जो लोकांचे आभार मानत नाही तो अल्लाहचे आभार मानत नाही, ही हदीसही येथे आठवावी.

आणि सर्वांत मोठी भेट, जिला वर्गणी लागत नाही. जाणाऱ्याला प्रेषित (स.) निरोप देत तेव्हा त्याचा दीन, त्याची अमानत आणि त्याच्या कर्मांचा शेवट अल्लाहच्या हवाली करीत. शालीपेक्षा ही दुआ अधिक ऊबदार आहे. त्याच वेळी मागचा हिशेबही मिटवावा. इतक्या वर्षांच्या सहवासात कोणाची चेष्टा झाली असेल, कोणाच्या पाठीमागे बोलले गेले असेल, उसने घेतलेले शंभर रुपये राहून गेले असतील. ज्याने आपल्या भावावर अन्याय केला असेल त्याने आजच तो मिटवून घ्यावा, कारण पुढे असा दिवस आहे जेव्हा दीनार आणि दिरहम नसतील, केवळ सत्कर्मे हिशेबात धरली जातील, असे प्रेषितांनी बजावले आहे. ‘बोललं-चाललं माफ करा’ हे आपले साधे मराठी वाक्य म्हणूनच समारंभाच्या शेवटच्या चहाच्या वेळी, त्या व्यक्तीला बाजूला घेऊन, मनापासून म्हणावे. तिच्या हातातली भेटवस्तू काही वर्षांनी अडगळीत जाईल. मिळालेली माफी दोघांच्याही सोबत त्या दिवसापर्यंत जाईल.

अल्लाह तआला आपल्या हातांना औदार्य आणि आपल्या मनांना दुसऱ्याचे मन जपण्याची समज देवो. आमीन.